मैदानाचं शून्य

आमच्या मैदानावर शून्य कुठलं, हे माझ्या नवऱ्याने ठरवलं आणि ते वारल्यावरही ते शून्य हलवायची कुणाची छाती झाली नाही. माझ्यासमोर तर नाहीच.

पठारावरची सपाट जमीन, मधोमध डांबरी धावपट्टी, एका टोकाला विमानं ठेवायची पत्र्याची हँगर, हँगरला चिकटून ऑफिस आणि ऑफिसला चिकटून माझं कॅन्टीन, एवढा आमचा पसारा. लहान विमानं उडवायला शिकवण्याची शाळा यांनी काढली आणि नंतर ती मुलांकडे आली. मुलाला सगळं मैदान दादा म्हणतं. तो ऑफिस बघतो. विमान त्याच्या पोटाला मानवत नाही. लहानपणी एकदा वर गेला आणि बापाच्या नव्याकोऱ्या कोटावर ओकला, तेव्हापासून तो खुर्चीवर बसून विमानं उडवतो. खरी उडवते ती मुलगी. उडवते आणि शिकवते. तिला आम्ही ठेंगी म्हणतो, कारण सीटवर उशी घेतल्याशिवाय तिला पुढच्या काचेतून काही दिसत नाही. देवाने तिला उंची देताना हात आखडता घेतला आणि भरपाई म्हणून माझी जीभ दिली.

आता शून्याचं सांगते. विमानात उंची दाखवणारं एक गोल घड्याळ असतं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक खुंटी असते आणि ती फिरवली की काटे पुढेमागे सरकतात. आमच्याकडे त्याला कान पिळणं म्हणतात. यांची पद्धत अशी, की निघायच्या आधी कान पिळायचा आणि काटे नेमके शून्यावर आणायचे. म्हणायचे, "आपलं मैदान म्हणजे शून्य. घरी परत उतरलं की काट्यानेही म्हणायला हवं, आलात, बसा." मग उडून सिमेंटच्या कारखान्याच्या धुराड्यावर पोचलं की पुन्हा कान पिळायचा आणि मोठ्या विमानतळाचा मनोरा रेडिओवर हवेच्या दाबाचा जो आकडा देईल तो लावायचा, त्याला आम्ही समुद्राचा आकडा म्हणतो, कारण धुराड्यापलीकडे सगळं जग समुद्रापासून उंची मोजतं. परत येताना ह्याच्या उलट. शिकवताना धुराडं दिसलं की हे ओरडायचे, "कान!" असे ओरडायचे, की शिकणाऱ्याचा हात आधी स्वतःच्या कानाकडे जायचा.

बाकीच्या मैदानांवर ही भानगड नाही. तिथे जमिनीवर उभं असतानाच समुद्राचा आकडा लावतात आणि तोच घेऊन निघतात. हे त्यांना हसायचे. "भाडेकरू लेकाचे. स्वतःचं शून्यसुद्धा नाही." मलाही हे आवडायचं. कुणाला आवडणार नाही? सगळं जग आपल्या दारापासून मोजायचं!

एक दिवस ठेंगीच्या विमानात जमिनीची मोजणी करणारा एक माणूस होता, गळ्यात कॅमेरा अडकवलेला. त्याला नदीपलीकडच्या खाणी वरून बघायच्या होत्या. आभाळात ढग होते, पण फाटके, मधूनमधून उजेड. दुपारची जेवणं उरकून मी कॅन्टीनमध्ये कप पुसत होते. भिंतीवर रेडिओ लावलेला आहे, त्यावर मनोऱ्याचं आणि विमानांचं बोलणं ऐकू येतं. त्यातलं निम्मं मला समजतं आणि उरलेलं निम्मं आवाजावरून कळतं.

मनोऱ्यातल्या माणसाने विचारलं, "तुमची उंची सांगा."

ठेंगी म्हणाली, "चार हजार."

"पुन्हा सांगा."

"चार हजार, स्थिर."

मग त्या माणसाचा आवाज बदलला. ओरडला नाही, पण शब्द एकमेकांना चिकटले. "मला तुम्ही चार हजार नऊशेला दिसताय. डावीकडे वळा, खाली या, ताबडतोब." आणि त्याच दमात दुसऱ्या कुणाला तरी, "उजवीकडे वळा, लगेच, लगेच."

माझ्या हातातला कप मी टेबलावर ठेवला. नंतर बराच वेळ रेडिओवर फक्त खरखर होती. मग ठेंगीचा आवाज आला, "दिसलं. मागे पडलं." ती पोटात असल्यापासून मी तिचा आवाज ओळखते. तो तिचा आवाज नव्हता.

विमान उतरलं तेव्हा आधी मोजणीवाला खाली उतरला. चहा नको म्हणाला, पाणीही नको म्हणाला आणि कॅन्टीनच्या पायरीवर बसला. "बाई, वर आलं हो ते. बरोबर डोक्यावर. ढगातून दुसऱ्या विमानाचं पोट बाहेर आलं. पत्र्यावरची रिबिटं दिसली मला, एकेक रिबीट." आणि मग तो हसायला लागला, नको तेव्हा हसतात तसा. मी शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

ठेंगीने विमान नीट जागेवर लावलं, चाकांना लाकडं लावली, दार बंद केलं, पुन्हा ओढून बघितलं आणि मगच माझ्याकडे आली. "आई, धुराड्यावर दार उघडलं. त्याने कडी नीट बसवली नव्हती आणि मीही बघितली नाही. वारा आत घुसला, त्याचे कागद उडाले, तो घाबरून विमान वळवायच्या दांडीला लोंबकळला. मी एका हाताने विमान धरलं आणि दुसऱ्या हाताने दार. धुराडं मागे गेलं."

"आणि कान?"

"राहिला."

आमचं मैदान समुद्रापासून नऊशे फूट उंच आहे. घड्याळ मैदानापासून मोजत होतं, म्हणून ते चार हजार म्हणत होतं. ठेंगी खरी होती चार हजार नऊशेवर. आणि पाच हजारावरून वीस माणसं घेऊन एक विमान शहराकडे चाललं होतं. दोघांमध्ये हजार फूट असायला हवे होते. राहिले शंभर. विमानात आणखी एक डबी असते, ती आपली खरी उंची परस्पर मनोऱ्याला कळवते, काट्याला विचारत बसत नाही. त्या डबीने वाचवलं, आणि तिच्याकडे लक्ष ठेवून बसलेल्या त्या माणसाने.

संध्याकाळी आम्ही ऑफिसात बसलो. दादा, ठेंगी, मी आणि वस्ताद. वस्ताद म्हणजे आमचा मेकॅनिक. यांच्याबरोबर पहिलं विमान त्यानेच जोडलं, म्हणून तो माझ्याशी बोलताना मान खाली घालतो पण ऐकत कुणाचंच नाही. ठेंगीने घडलेलं सगळं वर विमान खात्याला कळवायचं होतं आणि चौकशीला कुणीतरी येणार होतं.

दादा फेऱ्या मारत होता. "मी विचार केलाय," तो म्हणाला. त्याने असं म्हटलं की मी पदर खोचते. "काटा अडकला होता, असं सांगायचं. कपाटात जुनं घड्याळ पडलंय, ते खरंच अडकतं. वस्ताद ते विमानात बसवेल. तपासलं तर अडकेल. संपला विषय. यंत्र आहे, बिघडतं."

"आणि यंत्र तपासून पास कुणी केलं होतं?" मी विचारलं.

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. वस्ताद म्हणाला, "मी केलं होतं, मोठ्या बाई. चालेल. माझं काय, मी आता घरी बसायच्या वयाचा."

"घरी बसशील रे, पण तोंड काळं करून बसशील. खरं सांग, काटा अडकला होता?"

"छे! लोण्यासारखा फिरतो. मीच बसवलाय."

"मग?"

"कागदावर अडकेल."

"वा. हा विमानं जोडायचा, आता बनाव जोडायला लागला. आणि तू गं?" मी ठेंगीकडे वळले. ती खुर्चीच्या कडेला बसून नखं कुरतडत होती. एरवी हिच्या तोंडाला कुलूप लावायला माणूस ठेवावा लागतो. "तुझ्या नावाने एवढा खल चाललाय. तू काही बोलणार की पाहुणी म्हणून आलीस?"

"मला उडायचंय, आई," ती म्हणाली. "लायसन्स गेलं तर मी काय करू? तुझे कप पुसू? दादा म्हणतो तसं केलं तर मी परवापासून उडेन." मग जरा थांबून म्हणाली, "चूक माझी आहे. पण सापळाही आपणच लावलेला आहे. दुसऱ्या कुठल्या मैदानावरून निघाले असते तर दार उघडलं काय आणि छप्पर उडालं काय, काटा खरं तेच बोलला असता. धुराड्यावर कान पिळायचं काम फक्त आपल्याकडे आहे."

माझं डोकं फिरलं. "बापाच्या पद्धतीला नावं ठेवतेस?"

"पद्धतीला ठेवते. बापाला नाही."

"तुझ्या बापाने अर्ध्या जिल्ह्याला उडायला शिकवलं! एकाला खरचटलं नाही!"

"माहीत आहे!"

"मग?"

"मग दुपारी माझ्या डोक्यावरून वीस माणसं गेली, आई!"

दादा म्हणाला, "हळू बोला, बाहेर ऐकू जातं." आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "तू गप बस."

मी उठले. "उद्या सकाळी मला त्या विमानात बसव आणि दाखव. मला पटलं तर पटलं. नाही पटलं तर बापाचं नाव पुन्हा ह्यात ओढायचं नाही. आणि तोवर वस्ताद, कपाटाला हात लावशील तर याद राख."

मी आयुष्यभर विमानांच्या शेजारी राहिले, पण आत कधी बसले नव्हते. हे फार मागे लागायचे. मी म्हणायचे, कुणीतरी जमिनीवर असायला हवं, नाहीतर तुम्ही उतराल कशासाठी? दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पंखावर पाय देऊन, ठेंगीचा हात धरून, गुडघ्यांना शिव्या घालत मी आत शिरले. विमान हँगरसमोर उभं होतं, चाकांना लाकडं लावलेली. आत रबराचा आणि पेट्रोलचा वास, आणि पितळी चकत्या, घड्याळंच घड्याळं.

"हे बघ," ठेंगी म्हणाली. "हा आपला काटा. आता शून्यावर आहे, बाबांच्या पद्धतीप्रमाणे. आता कान पीळ."

"मी?"

"मग कोण? पीळ. माझा पिळायचीस तसा नको, हळू."

मी खुंटी फिरवली. काटा सरकला. शंभर, दोनशे, पाचशे. बाहेर बघितलं तर वस्ताद बादलीत फडका पिळत उभा, हँगर जागेवर, मी जागेवर. काटा नऊशेवर आल्यावर ठेंगीने माझा हात थांबवला.

"आता आपण नऊशे फुटांवर आहोत का?" तिने विचारलं.

"वेडी आहेस का? आपण जमिनीवर आहोत."

"दोन्ही खरंय. मैदानापासून शून्य, समुद्रापासून नऊशे. काटा स्वतः काही ठरवत नाही. कुठून मोजायचं ते आपण सांगायचं, तो मोजतो."

"मग आपण आपल्या दारापासून मोजलं तर बिघडलं काय?"

"तू डॉक्टरांकडे गेली होतीस ते आठव," ठेंगी म्हणाली.

शहरातल्या त्या दवाखान्यात दादा फोनवर म्हणाला होता, तिसऱ्या मजल्यावर बाकावर थांब. मी तळमजला पहिला धरला, त्याने धरला नाही. मी एका मजल्यावर बसून त्याच्या नावाने बोटं मोडतेय आणि तो माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, माझ्या नावाने. दोघंही तिसऱ्याच मजल्यावर होतो, आपापल्या हिशेबाने.

"वर तसंच होतं," ठेंगी म्हणाली. "मनोरा एकाला म्हणतो, तू चारावर राहा, दुसऱ्याला म्हणतो, तू पाचावर. दोघांनी एकाच जागेपासून मोजलं तर मध्ये अंतर राहतं. एकाने समुद्रापासून मोजलं आणि एकाने स्वतःच्या अंगणापासून, तर राहत नाही. ढगात दिसत नाही, आई. तिथे आकड्यावरच विश्वास. आपण खोटा आकडा सांगितला तर आपण खोटं बोलतोय हे आपल्यालाही कळत नाही. मी काल दोनदा 'चार हजार' म्हणाले. छातीठोक म्हणाले."

मी काट्याकडे बघत बसले. यांनी शाळा काढली तेव्हा आमच्या पठारावरून घारी सोडून काही जात नव्हतं. शहरातला विमानतळ पुढे वाढला, नवा रस्ता आभाळातून आमच्या डोक्यावरून गेला, तेव्हा हे अंथरुणाला खिळले होते. ते उठून बसते तर त्यांनीच हे बदललं असतं. हट्टी होते पण आंधळे नव्हते. त्यांनी धुराडं ठरवून दिलं ते त्यांच्या रिकाम्या आभाळासाठी. आम्ही ते भरल्या आभाळात तसंच चालवलं.

आणि मग मला दुसरी गोष्ट सुचली, आणि ती सुचल्यावर मला त्या सीटवर बसवेना.

"ठेंगे, काटा अडकला असं सांगितलं तर काय होईल?"

"जुनं घड्याळ काढून नवं बसवतील."

"आणि घड्याळवाले?"

ठेंगी माझ्याकडे बघायला लागली. घड्याळवाले म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेंबर, मनगटी घड्याळांची दुकानं आहेत त्यांची, स्वतःचं विमान आमच्या हँगरमध्ये ठेवतात. ह्यांचे पट्टशिष्य.

"ते उद्या सकाळी शून्य लावून निघतील," मी म्हणाले. "आणि तुझे शिकणारे. आणि एखाद्या दिवशी धुराड्यावर कुणाला शिंक येईल. काट्यावर ढकललंस तर हे असंच चालू राहणार, कारण बिघाड सापडला म्हणून सगळे निवांत. तू उडशील, पण कुणाच्या पोटाखालून उडशील?"

ती खुंटी उगाच पुढेमागे फिरवत राहिली. डोळे भरले होते, पण तिने ते वाहू दिले नाहीत. ह्या बाबतीत ती बापावर गेली आहे.

"लायसन्स गेलं तर?" शेवटी तिने विचारलं.

"गेलं तर परत मिळव. एकदा मिळवलंस ना? उशी घेऊन गेलीस आणि मिळवून आलीस. तेव्हाही सगळे हसत होते. आता तू सांगणार की मी सांगू?"

"मीच सांगते," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर तासभर तुझं लग्न कसं ठरलं इथून सुरू होईल."

चौकशीला आल्या त्या बाई. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण बसल्या अशा की खुर्ची त्यांचीच. पायात मजबूत बूट, हातात जाड फाईल. आधी वस्तादबरोबर विमानाकडे गेल्या आणि काटा तपासायच्या यंत्राला लावला. मग ऑफिसात आल्या. चहा आवडल्याचं सांगितलं नाही, पण दुसरा कप मागितला.

"काटा तर ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.

दादाने घसा साफ केला. "मॅडम, काही वेळा काय होतं, हवेतल्या ओलाव्याने..."

"दादा," ठेंगी म्हणाली, "बस." आणि तिने सांगितलं. दार, कागद, धुराडं, कान. कडी तपासली नाही हेही सांगितलं. मनोऱ्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हाच शंका यायला हवी होती, आली नाही, हेही. एकदाही त्या मोजणीवाल्याला नावं ठेवली नाहीत. दादाचा चेहरा असा झाला होता, जणू पुन्हा वर नेलंय त्याला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "निघताना शून्य लावायचं, हे कुणी सांगितलं?"

भिंतीवर यांचा फोटो आहे, टोपी तिरकी घालून विमानाला टेकून उभे. बाईंची नजर त्याच्याकडे गेली नाही, पण आम्हा सगळ्यांची गेली.

"माझ्या नवऱ्याने," मी म्हणाले. "त्यांच्या वेळी ते बरोबर होतं. आता नाही. इथून जो उडतो तो असाच उडतो. एकटी ही नाही, सगळे. लिहून घ्या."

"सगळे?"

"झाडून सगळे. आणि विचारलंत तर प्रत्येक जण छाती काढून सांगेल."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग ठेंगीला म्हणाल्या, "ही दोन वेगळी कामं आहेत. पद्धत चुकीची होती, ती बदलायची. आणि तुम्ही विसरलात, ते तुमचं. एकाच्या आड दुसरं लपवून देणार नाही मी."

"मी लपवत नाहीये," ठेंगी म्हणाली.

"दिसतंय. म्हणून हे सौम्य आहे." त्यांनी निकाल सांगितला. ठेंगीचं लायसन्स थांबवलेलं. परीक्षकासमोर पुन्हा परीक्षा द्यायची, कागदावर आणि हवेत दोन्हीकडे, आणि पास होईपर्यंत एकटीने तर सोडाच, शिकवण्यासाठीही उडायचं नाही. मैदानावर नवी पद्धत: जमिनीवरच समुद्राचा आकडा, काटा नऊशे दाखवतोय हे बघायचं, आणि मगच चाक हलवायचं. प्रत्येक मेंबरला उभ्या विमानात बसवून ते करून दाखवायचं, त्याच्याकडून करून घ्यायचं, त्याशिवाय त्याचं उड्डाण नाही. "हे कोण करून घेणार?" त्यांनी विचारलं.

"उभं विमान आहे ना?" मी म्हणाले. "ठेंगी करून घेईल. चुकीची उंची कशी लागते हे तिच्याइतकं ह्या मैदानावर कुणाला माहीत आहे?"

बाई पहिल्यांदा हसल्या. "तुम्ही इथे काय करता?"

"चहा," मी म्हणाले.

मेंबर लोकांना कळलं तसं मैदान तापलं. एक म्हणाला, उतरताना काटा शून्य दाखवणार नाही तर जमीन कुठे आहे ते कळणार कसं? ठेंगी म्हणाली, डोळे उघडे ठेवून, आणि नऊशे लक्षात ठेवून. स्वतःच्या घराचा नंबर लक्षात राहतो ना? दोन जण चिडून दुसऱ्या मैदानावर गेले. तिथेही समुद्राचाच आकडा लावतात, हे त्यांना तिथे पोचल्यावर कळलं. बाकीचे कुरकुरत एकेक करून ठेंगीशेजारी बसून गेले.

राहिले घड्याळवाले.

ते सकाळी आले, नेहमीचे पांढरे बूट, गॉगल. थेट आपल्या विमानाकडे निघाले. ठेंगी हँगरच्या दारात उभी होती. "काका, आधी जरा बसूया. दहा मिनिटांचं काम आहे."

"मला?" ते म्हणाले. "बाळ, तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून मी उडतोय. तुझ्या वडिलांनी माझा हात धरून कान पिळायला शिकवलं. आणि आता जिचं लायसन्स जप्त झालंय ती मला शिकवणार?"

ठेंगीचा चेहरा उतरला. बरं लागेल असं बोलणं नव्हतंच ते. तिने दारातून बाजूला होण्यासाठी पाय उचललेला मी पाहिला. मी कॅन्टीनमधून बाहेर आले.

"ठेंगे, पाय जागेवर ठेव," मी म्हणाले. "आणि भावोजी, पेट्रोलच्या पंपाची किल्ली माझ्याकडे आहे. हँगरच्या दाराची पण. सकाळपासून दोन्ही कमरेला लावून फिरतेय, कंबर धरलीय माझी, तेव्हा लवकर ठरवा."

"वहिनी, हा त्यांचा अपमान आहे. त्यांची पद्धत तुम्ही मोडताय, तुम्ही!"

"मीच मोडणार. दुसऱ्या कुणी मोडली असती तर मी त्याचं डोकं फोडलं असतं."

"मी एकदाही विसरलो नाही. धुराडं दिसलं की माझा हात आपोआप जातो."

"हिचाही जायचा. तिच्या बापाने शिकवलेला हात आहे तो, तुमच्याइतकाच पक्का. एक दार उघडलं तर राहिला. तुमच्या विमानाला दारं नाहीत का?"

घड्याळवाल्यांनी आपल्या विमानाच्या दाराकडे बघितलं. मी पुढे गेले. "लायसन्स जप्त झालं म्हणता. तिने स्वतः सांगितलं म्हणून झालं. आमच्याकडे कपाटात एक अडकणारं घड्याळ होतं. ते बसवलं असतं तर आज ती हवेत असती आणि तुम्हाला कुणी दहा मिनिटंही थांबवलं नसतं. तुम्ही खुशाल शून्य लावून गेला असतात. कुणाच्या खाली, ते वर गेल्यावर कळलं असतं. आता हिच्याशेजारी बसायचं नसेल तर विमान दोरीने ओढत रस्त्याने न्या. मी फाटक उघडून देते."

दादा ऑफिसच्या दारात आला होता. मला वाटलं हा आता मध्ये पडून मिटवामिटवी करणार. घड्याळवाले गेले तर निम्मी हँगर रिकामी होते, हे मलाही कळतं. पण तो म्हणाला, "काका, नियम सगळ्यांना आहे. मीही बसलो काल. उभ्या विमानात मला मळमळलं नाही, म्हणजे बघा."

वस्ताद हसला आणि खोकल्यासारखं केलं. घड्याळवाल्यांनी गॉगल काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग विमानाचं दार उघडून आत बसले. ठेंगी दुसऱ्या बाजूने चढली, उशी घेऊन.

मी तिथेच उभी राहिले. मला वाटलं ती आता हळू, आर्जवं करत सांगेल. एवढा बोल लागला होता तिला. पहिलं वाक्य तसंच आलं, पुटपुटल्यासारखं. मग तिने पाठ ताठ केली.

"मनोऱ्याचा आकडा ऐकलात? मोठ्याने म्हणा. ... लावा. काटा काय म्हणतो?"

"आठशे... साधारण नऊशे."

"साधारण चालणार नाही, काका. साधारण शंभर फुटांनी वाचले मी. काटा नेमका काय म्हणतो?"

"आठशे ऐंशी."

"आकडा पुन्हा बघा. तुम्ही शेवटचा अंक चुकलात."

आतून खुंटी फिरल्याचा बारीक आवाज आला. "नऊशे," घड्याळवाले म्हणाले. आवाजातला ताठा गेला होता आणि रागही नव्हता. काहीतरी स्वतःशी ताडून बघत होते.

"आता सगळं पुसून टाकते," ठेंगी म्हणाली आणि तिने काटा भलतीकडे फिरवला. "पुन्हा करा. ह्या वेळी मी मध्येच दार उघडणार आहे आणि बडबड करणार आहे. चुकलात तर परत पहिल्यापासून."

तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. रोज दुपारी ती उभ्या विमानात एकटी बसते, आकडे मोठ्याने म्हणते, कडी ओढून बघते, काटा बघते, पुन्हा म्हणते. शिकणारी पोरं जाता-येता बघतात, बघू देत. ती पास होईल असं मला वाटतं. नाही झाली तर पुन्हा देईल, आणि पुन्हा नाही झाली तर पुन्हा. तोवर ह्या मैदानावरून जो कोणी चाक हलवेल तो आधी तिच्याशेजारी बसेल, मग तो घड्याळवाला असो नाहीतर घड्याळाचा कारखानदार.